पाचपाखाडीतल्या एका लिफ्टचा जन्मभराचा हिशेब

आमची इमारत ठाण्यात पाचपाखाडीला. तळमजला अधिक सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट, एकच लिफ्ट. ताबा १९९६ साली मिळाला. मी नोकरीभर कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात होतो. निवृत्तीनंतर सोसायटीचं खजिनदारपद माझ्याकडे आलं, आणि २०२३ च्या जुलैत लिफ्ट बंद पडल्यावर तो प्रश्न माझ्याच टेबलावर आला. तिथून पुढचे आठ महिने काय झालं, आकडे कसे मांडले, कुठे चुकलो आणि शेवटी काय ठरलं, ते सगळं इथे लिहून ठेवतो. ठाण्यात आमच्यासारख्या पंचवीस-तीस वर्षांच्या शेकडो इमारती आहेत. कुणाला ना कुणाला हा हिशेब कामी येईल.

बिघाड तसा साधा होता. पावसात कंट्रोलरचं, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचं, एक कार्ड गेलं. मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलं की ते कार्ड आता बनत नाही, जुनं दुरुस्त करून चार-सहा महिने निघतील. लिफ्ट सुरू झाली, पण दर पंधरवड्याला कुणीतरी मध्येच अडकायचं. पाचव्या मजल्यावरच्या आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. त्यांचा मुलगा मला जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, लिफ्ट नवी घ्या, जुनी घ्या, पण सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी सातला ती चालली पाहिजे." या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची अट हीच होती, आणि एकाही कोटेशनमध्ये ती नव्हती.

तीन कोटेशनं

पहिली कंपनी मोठी. संपूर्ण नवी लिफ्ट, १८ टक्के जीएसटी धरून १८.३ लाख. दुसरी कंपनी लहान, तीही संपूर्ण नवी लिफ्ट देणार, २१.५ लाख. तिसऱ्याने आधुनिकीकरण सुचवलं: गाईड रेल (ज्यांच्या आधाराने केबिन वर-खाली सरकते त्या लोखंडी पट्ट्या) आणि काउंटरवेट (केबिनला तोलणारं वजन) जुनेच ठेवायचे, मशीन, कंट्रोलर, दोर, दरवाजे आणि केबिन नवीन. त्याचे ९.८ लाख.

कमिटीत पहिल्या दिवशी जे मत झालं ते कुठल्याही सोसायटीत होईल तेच. तिसरा पर्याय म्हणजे ठिगळ, दुसरा महाग, म्हणून पहिला घ्यावा. नाव मोठं आणि दुसऱ्यापेक्षा सव्वातीन लाख कमी. मी फक्त पंधरा दिवस मागून घेतले.

कोटेशनमध्ये लिफ्ट विकत घेण्याची किंमत असते, ती बाळगण्याची नसते. लिफ्ट वीस वर्षं चालली तर तिच्यावर वार्षिक मेंटेनन्स करार, मधले मोठे पार्ट, वीज, बंद राहिलेले दिवस आणि शेवटी ती काढून टाकणं, एवढे खर्च चढतात. इमारतींच्या बाबतीत असा जन्मभराचा खर्च मांडण्याच्या पद्धतीला आयएसओ १५६८६-५ असं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. कारखान्यात मशीन घेताना आम्ही हे न चुकता करायचो. पण ज्या इमारतीत राहतो तिच्या बाबतीत सत्तावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मशीनरूममध्ये

आकडे मांडण्याआधी मी मेंटेनन्सच्या मुलाबरोबर गच्चीवर मशीनरूममध्ये गेलो. ग्रीसचा वास, कोपऱ्यात कबुतरांचं घरटं, भिंतीवर १९९६ चा पिवळा पडलेला परवान्याचा कागद. त्याने टॉर्च मारून शीव्हच्या खाचा दाखवल्या. शीव्ह म्हणजे दोर ज्यावरून फिरतो ती मोठी पुली. खाचा इतक्या खोल झिजल्या होत्या की दोर तळाला टेकत होता. "दोर बदललात तरी नवा दोर वर्षात जाईल, खाच खाऊन टाकते त्याला." मग आम्ही केबिनच्या छतावर उभं राहून सावकाश खाली आलो. त्याने रेलवर बोट फिरवून दाखवलं. तेलकट, पण सरळ आणि गुळगुळीत. "या रेलला काही झालेलं नाही काका. इमारत पडेपर्यंत जाईल."

माझा तक्ता त्या छतावर बदलला. लिफ्टचं आयुष्य हा एक आकडा नव्हेच. आत चार-पाच वेगवेगळी आयुष्यं असतात. आमच्याइतक्या वापराच्या लिफ्टमध्ये रेल आणि काउंटरवेट जवळजवळ न संपणारे, मशीन वीसेक वर्षांचं, दोर आठ-दहा वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स बारा-पंधरा वर्षांचं, आणि वीज गेल्यावर केबिन मजल्यापर्यंत आणणाऱ्या बॅटऱ्या तीन वर्षांच्या. सगळ्यात आधी मरतं ते इलेक्ट्रॉनिक्स. ते नेहमी झिजून मरतं असं नाही. बरेचदा त्याचे पार्ट मिळेनासे होतात म्हणून मरतं. आमच्या कार्डाचं तेच झालं होतं.

म्हणून मी तिन्ही कंपन्यांना एकच प्रश्न लेखी विचारला: कंट्रोलर दुसऱ्या कुठल्याही जाणकार मेकॅनिकला उघडता येईल का, की त्यासाठी तुमचंच सर्व्हिस टूल आणि पासवर्ड लागेल? पहिल्या कंपनीचं उत्तर आडवळणाचं होतं, पण अर्थ स्पष्ट होता. कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांचीच. उरलेल्या दोघांनी पासवर्डसह सगळं सोसायटीच्या ताब्यात द्यायचं लिहून दिलं.

याचा परिणाम मेंटेनन्सच्या दरात दिसतो. सगळे पार्ट धरून करार पहिल्या कंपनीचा वर्षाला ९२ हजार आणि दरवर्षी ८ टक्के वाढ. दुसऱ्याचा ६२ हजार, वाढ ६ टक्के. तिसऱ्याचा ७० हजार, वाढ ७ टक्के. तिघांचंही पहिलं वर्ष फुकट. ज्याच्या कुलपाला दुसरी किल्ली नाही त्याच्याशी दरासाठी भांडता येत नाही, म्हणून ते आठ टक्के मी जसेच्या तसे धरले.

तक्ता, आणि त्यातली माझी चूक

पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या पैशांत आणायला मी ७ टक्के दर घेतला. सोसायटीचा पैसा सहकार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो, आणि आमच्या मुदत ठेवीला साधारण तेवढंच व्याज मिळत होतं. सात टक्क्यांनी दहा वर्षांनंतरचे १०० रुपये आजचे ५१ होतात आणि वीस वर्षांनंतरचे २६.

चूक इथे झाली. लिफ्ट काढून टाकायचा खर्च मी आजच्या भावाने काढला. परांची बांधणं, माल खाली उतरवणं, शाफ्टच्या (लिफ्ट ज्यातून चालते त्या उभ्या पोकळीच्या) भिंतीतली भोकं बुजवणं, डेब्रिज उचलणं, यातून भंगाराचे पैसे वजा जाता साधारण एक लाख. तो विसाव्या वर्षी टाकला आणि सात टक्क्यांनी मागे आणला. २६ हजार आले. मनात म्हटलं, हा तर किरकोळ आहे. दोन दिवसांनी लक्षात आलं की विसाव्या वर्षी मजुरी आजची राहणार नाही. दरवर्षी ६ टक्के भाववाढ धरली तर तोच खर्च आजच्या पैशांत ८३ हजार होतो. व्याज धरायचं आणि महागाई विसरायची, ही चूक शेवटच्या खर्चाच्या बाबतीतच सगळ्यात जास्त फसवते, कारण तो सगळ्यात लांब असतो. माझ्यासारखा आयुष्यभर कॉस्टिंग केलेला माणूस चुकला, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरी गोष्ट मी आधी धरलीच नव्हती, ती म्हणजे बंद काळ. नव्या लिफ्टला पन्नास दिवस, आधुनिकीकरणाला चोवीस. तेवढे दिवस आजींना आणि सहाव्या मजल्यावरच्या गुडघे गेलेल्या आजोबांना खुर्चीत बसवून उतरवायला, शिवाय सिलिंडर आणि वाणसामान चढवायला दोन माणसं ठेवायची तर रोजचे १,४०० रुपये. म्हणजे पन्नास दिवसांचे ७० हजार आणि चोवीस दिवसांचे साधारण ३४ हजार. विजेचा फरक तिन्हीत वर्षाला काही हजारांचा होता, निकाल फिरवण्याइतका नव्हता, तो सोडून दिला.

वीस वर्षांचा हिशेब असा आला. पहिली कंपनी: खरेदी १८.३ लाख, बंद काळ ०.७, मेंटेनन्स १७.८, बाराव्या वर्षी कार्ड आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह २.७ (जुनाट झालेले पार्ट करारातून वगळलेले होते, बारीक अक्षरात), शेवटी काढणं ०.८. एकूण ४०.३ लाख. दुसरी कंपनी: २१.५, ०.७, १०.१, १.४ आणि ०.८. एकूण ३४.५ लाख. खरेदीला सव्वातीन लाख महाग असलेली लिफ्ट जन्मभरात पावणेसहा लाखांनी स्वस्त. मी खूश झालो. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत हा तक्ता घेऊन उभा राहिलो.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न

पहिल्या मजल्यावरच्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. लिफ्ट फारशी वापरत नाहीत. उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, लिफ्टचा खर्च वापरा न वापरा, सगळ्यांना सारखा येतो, आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्या उठून म्हणाल्या, "भाऊ, तुमची लिफ्ट वीस वर्षांची. आपली इमारत किती वर्षांची?"

सभा थांबलीच. गोखले रोडपासून आमच्या गल्लीपर्यंत जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. २०२६ ला आम्हालाही तीस वर्षं होणार होती. दहा वर्षांत इमारत पाडली तर वीस वर्षांची लिफ्ट घेऊन काय करायचं? पुनर्विकासात इमारत पाडण्याचा खर्च विकसक करतो, आणि करारात वेगळं लिहिलं नाही तर भंगारही तोच नेतो. म्हणजे आपली अर्धी लिफ्ट आपण त्याला भेट देणार.

मी नवीन तक्ता केला, दहा वर्षांचा. पहिली कंपनी २७ लाख, दुसरी २७.२ लाख, आधुनिकीकरण १६ लाख. दोन नव्या लिफ्टमधला फरक पार पुसला गेला, कारण मेंटेनन्सची वाढ अंगावर यायला दहा वर्षं पुरत नाहीत. आणि ज्याला आम्ही ठिगळ म्हणत होतो तो पर्याय अकरा लाखांनी खाली.

मग उलटही तपासलं. आधुनिकीकरण केलं आणि इमारत पाडलीच नाही, तर? दहाव्या वर्षी पुन्हा संपूर्ण नवी लिफ्ट घ्यावी लागेल. तो सगळा खर्च आजच्या पैशांत आणला तर वीस वर्षांचे ४१.८ लाख होतात, सगळ्यांत जास्त. पण तेव्हा हातात निम्मं आयुष्य शिल्लक असलेली लिफ्ट असेल. तिची साधारण ८.९ लाखांची किंमत वजा केली की आकडा ३३ लाखांवर येतो, दुसऱ्या कंपनीच्या ३४.५ लाखांच्या जवळपास. म्हणजे इमारत राहिली तरी आधुनिकीकरणात नुकसान नाही, आणि गेली तर मोठी बचत. ज्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही अशा प्रश्नावर लाखो रुपये लावण्यापेक्षा हा पर्याय मला प्रामाणिकपणे बरा वाटला.

इमारतीचं आयुष्य नुसतं अंदाजाने धरायचं नव्हतं. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि तीसपुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. आमचं राहून गेलं होतं. ते करून घेतलं. दुरुस्ती केली तर बारा ते पंधरा वर्षं काळजी नाही, असा इंजिनिअरचा अभिप्राय आला. दुसरीकडे, जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अजून झालेलं नाही, मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून दिलं नाही तर सरकारी अधिकाऱ्याकडून मिळणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करायचा आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला निदान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, आणि आमच्याकडे आज तेवढे हात वर होत नाहीत. या सगळ्यावरून पुनर्विकास सात वर्षांच्या आत होणार नाही आणि पंधराच्या पुढे बहुधा जाणार नाही, असं आम्ही धरलं. आधुनिकीकरण बहुमताने मंजूर झालं.

पैसा कुठून

या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त सलणारा भाग हा आहे. सोसायटीच्या वह्यांत लिफ्ट नाहीच. ती बिल्डरने बसवली, अभिहस्तांतरण झालं नाही, म्हणून मालमत्तेत ती कधी दाखवली गेली नाही आणि तिच्यावर एक रुपयाही घसारा लागला नाही. सत्तावीस वर्षं ताळेबंद दरवर्षी ऑडिट झाला, आणि त्यात कुठेही लिफ्ट म्हातारी होत असल्याचं दिसलं नाही. कंपन्यांना असं चालत नाही. इंड एएस १६ या लेखा मानकाप्रमाणे मालमत्ता शेवटी काढून टाकण्याचा अंदाजी खर्च पहिल्याच दिवशी तिच्या किमतीत धरावा लागतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच उदाहरण द्यायचं तर तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. आपल्याकडे अणुवीज विकताना दर युनिटमागे २ पैसे भट्टी कायमची बंद करण्याच्या कामासाठी वेगळे घेतले जातात. जो वीज वापरतो तोच शेवटाचाही वाटा भरतो.

सोसायटीत यासाठी सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चासाठी दरवर्षी साठवायचा निधी, असतो. उपविधी म्हणतात, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी, जमिनीची किंमत सोडून. आमच्या वह्यांत फ्लॅटचा बांधकाम खर्च १९९६ च्या भावाने साडेचार लाख. अठ्ठावीस फ्लॅटचे १.२६ कोटी, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ३१,५०० रुपये. फ्लॅटमागे महिन्याला ९४ रुपये! सत्तावीस वर्षं त्याला हात लावला नसता आणि ७ टक्के व्याज मिळालं असतं, तरी २३.५ लाखच झाले असते. प्रत्यक्षात दोनदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला काढल्यामुळे उरले ११.२ लाख. नियमात 'किमान' लिहिलंय. आम्ही सगळ्यांनी ते 'कमाल' म्हणून वाचलं. त्या काळात सहा फ्लॅट विकले गेले. ती कुटुंबं वर्षानुवर्षं लिफ्टने चढली-उतरली आणि महिना ९४ रुपये भरून गेली. त्यांच्या वापराची झीज आता नवीन आलेल्या लोकांच्या माथी आली. यात त्या कुटुंबांचा दोष नाही. दोष तेव्हा वह्या लिहिणाऱ्यांचा, आणि त्यांत आजचा मीही आहे.

म्हणून लिफ्टसाठी वेगळा निधी मांडला. दहा वर्षांनी नवी लिफ्ट आणि जुनी काढणं, आजचे २२.५ लाख, सहा टक्के वाढीने ४०.३ लाख. तेवढे जमवायला फ्लॅटमागे महिन्याला साधारण ८७० रुपये लागतात. सभेत दोन तास वाद झाला. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या घरांना हे जड आहे, हे मला दिसत होतं. आणि पुनर्विकास झालाच तर एवढा निधी लागणारही नाही. शेवटी ५०० वर सगळे आले. त्यातून दहा वर्षांत साधारण २३ लाख जमतील. इमारत पाडायचं ठरलं तर उरलेल्या रकमेचं काय करायचं ते त्या वेळच्या सर्वसाधारण सभेने ठरवायचं, असंही ठरावात घातलं. ५०० पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही. पण ९४ वरून आम्ही ५०० वर आलो, आणि फरक कशाचा आहे हे प्रत्येक घराला माहीत आहे.

काम

काम जानेवारी २०२४ मध्ये झालं. ऑटोमॅटिक दरवाजा आला की केबिनची खोली कमी होते. म्हणून ऑर्डर देण्याआधी आजींची व्हीलचेअर खाली आणून टेपने मोजली आणि दरवाज्याचा प्रकार त्याप्रमाणे बदलून घेतला. करारात चार गोष्टी हट्टाने घातल्या: पासवर्ड आणि सर्किटचे नकाशे सोसायटीकडे, कार्ड आणि ड्राइव्हचे पार्ट बारा वर्षं देण्याची हमी, मेंटेनन्सची वाढ ७ टक्क्यांच्या वर नाही, आणि जुना माल सोसायटीचा. कंत्राटदार म्हणत होता, जुना माल मी फुकट काढून नेतो. आम्ही काढण्याची मजुरी वेगळी लावायला सांगितली, जी ९.८ लाखांत बसली, आणि मोटर, जुनी केबिन, जाळीचे दरवाजे वजनकाट्यावर घातले. भंगाराचे ३१ हजार आले, ते थेट लिफ्टच्या नव्या निधीत गेले. जुन्या बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे विक्रेत्याला परत दिल्या.

चोवीसऐवजी एकतीस दिवस लागले. वाढलेल्या सात दिवसांचे ९,८०० रुपये ठरल्याप्रमाणे कंत्राटदाराच्या बिलातून कापले. आजी तो महिना कळव्याला लेकीकडे राहिल्या, पण बाकीच्यांसाठी ठेवलेली दोन मुलं रोज साडेसहाला खाली हजर असायची. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांनी खुर्चीसकट इतक्या हळुवार उतरवलं की आजोबांनी शेवटच्या दिवशी दोघांना घरी बोलावून जेवू घातलं.

मेंटेनन्स कराराचं पहिलं पैशाचं वर्ष आता संपलं. नूतनीकरणाला त्यांनी ९ टक्के वाढ मागितली. कराराचं पान दाखवल्यावर ७ वर आले. मशीनरूमच्या भिंतीवर, जुन्या परवान्याच्या शेजारी, आम्ही एक लॅमिनेट केलेला कागद लावला आहे. त्यावर प्रत्येक भागासमोर बसवल्याचं वर्ष, बदलायचं वर्ष आणि आजच्या भावाने अंदाजी रक्कम लिहिली आहे. बॅटऱ्या २०२७, दोर २०३३, कंट्रोलर २०३६. रेलच्या ओळीत वर्षाच्या जागी मेंटेनन्सच्या त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलंय: इमारतीबरोबर.